सिंधुबाईचं लुगडं

मोहिनी लग्न होऊन नाशिकला आली ती एकोणनव्वद साली. सासऱ्यांचा, सावळीराम ढोमसे यांचा, रविवार कारंज्याजवळ फोटो स्टुडिओ होता. पुढे काउंटर, मध्ये पडदे आणि दिवे, मागे सहा बाय आठची डार्करूम. सासऱ्यांना सगळे नाना म्हणत. थोरला मुलगा सुनील, म्हणजे मोहिनीचा नवरा, फोटो चांगले काढायचा. पण डार्करूममध्ये त्याला गुदमरायचं, फोटो पक्का करायच्या रसायनाच्या, हायपोच्या, वासानं डोकं धरायचं. धाकटा ललित तर शाळेतच होता. दहावीच्या फॉर्मांची गर्दी झाली तेव्हा नानांनी सुनेला हाक मारली, "मोहिनी, जरा आत येतेस का?"

ती आत गेली आणि सात-आठ वर्षं तिथेच राहिली.

नानांनी तिला सगळं शिकवलं. कोणत्या निगेटिव्हला कोणता कागद, चेहरा काळवंडत असेल तर निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या एन्लार्जरच्या उजेडात हात कसा फिरवायचा, किती वेळ. सायकलच्या आऱ्याला त्यांनी पुठ्ठ्याची चकती चिकटवून दिली होती. ती चकती चेहऱ्यावर धरून हलवत राहिलं की तेवढाच भाग उजळ यायचा. "एक जागा खरी काळी पाहिजे आणि एक खरी पांढरी," नाना म्हणायचे. "नाहीतर फोटो आजारी दिसतो." शेवटी शेवटी गिऱ्हाईक नानांना सांगायचं, "प्रिंट सूनबाईंच्याच हातची द्या हं." नाना हसायचे. मोहिनीला त्या वाक्यावर आठ-आठ दिवस काढता यायचे.

सत्त्याण्णवला नाना गेले. तोवर सगळीकडे कलर झालं होतं आणि रोल धुवायला मोठ्या लॅबकडे जात होते. डार्करूमचं दार महिनोन् महिने उघडत नव्हतं. मोहिनी काउंटरवर बसू लागली. पावत्या फाडायच्या, पाकिटांवर नावं लिहायची, पासपोर्ट फोटोला आलेल्यांना कंगवा द्यायचा.

दोन हजार तीनमध्ये ललितचं लग्न झालं. तृप्ती घोटीची. तिच्या वडिलांची भातशेती आणि बाजारपेठेत किराणा दुकान. कॉलेज रोडला तिनं कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, त्यात फोटोचं सगळं यायचं. लग्नानंतर दोन महिन्यांत डार्करूमच्या भिंतींना पांढरा रंग लागला, खिडकीवरचा काळा कागद निघाला, आणि एन्लार्जर होता त्या ओट्यावर कॉम्प्युटर आला. एन्लार्जर ललितनं पोत्यात बांधून माळ्यावर टाकला. मोहिनीला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तीही 'टाका' म्हणाली असती. पण विचारलं नाही.

तृप्ती वागायला वाईट नव्हती. हेच अवघड होतं. "ताई, चहा टाकू?" "ताई, हे पाकीट कुणाचं?" दिवसभर ताई, ताई. मोहिनी बारा वर्षांनी मोठी. तिला तृप्तीचा राग यायला काही कारण मिळत नव्हतं, आणि कारण नसताना येणारा राग कुणाला सांगताही येत नव्हता.

मग एक दिवस गंगापूर रोडचे एक डॉक्टर आले. मुलीचे फोटो काढून घेतले आणि म्हणाले, "यातला एक ब्लॅक अँड व्हाइट करून मिळेल? आता तीच फॅशन आहे."

मोहिनी काउंटरवरून उठलीच. कितीतरी वर्षांनी कुणी ते शब्द उच्चारले होते. पण सुनीलनं आत हाक मारली, "तृप्ती, हा काळा-पांढरा होईल का?"

"होईल की." तिनं दोन ठिकाणी क्लिक केलं. रंग गेले. सगळे पडद्यापाशी वाकले. डॉक्टर म्हणाले, "वा!"

सुनील मोहिनीकडे बघून हसला. "बघ. तू अर्धा अर्धा दिवस आत कोंडून घ्यायचीस. हिचं झालंसुद्धा."

मोहिनीनं पडद्याकडे पाहिलं. फोटोत कुठेच काळं नव्हतं. पांढरंही नव्हतं. पोरीचे गाल, फ्रॉक, मागचा पडदा, सगळं भिजवलेल्या राखेसारखं. तिला मनातून इतकं बरं वाटलं की तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.  ती परत काउंटरवर येऊन बसली.

त्यानंतर तसले फोटो मागायला बरेच लोक येऊ लागले. लग्नाच्या अल्बममध्ये दोन पानं काळी-पांढरी हवीतच. बाहेरच्या फलकावर ललितनं 'येथे कृष्णधवल फोटो मिळतील' असं लिहून घेतलं. दर वेळी मोहिनी लांबून बघायची, दर वेळी ती राख बघून तिला बरं वाटायचं, आणि दर वेळी गिऱ्हाईक खूश होऊन गेलं की ते बरं वाटणं विरून जायचं. लोकांना कळतच नाही, ती स्वतःशी म्हणायची. मग आपण इतकी वर्षं कुणासाठी जीव काढला?

पुढच्या जुलैत तृप्ती आवणीला, भाताच्या लावणीला, माहेरी गेली. जाताना डिजिटल कॅमेरा घेऊन गेली. आली ती शेदीडशे फोटो घेऊन. त्यातला एक तिनं सगळ्यांना दाखवला. डोंगरातून दरवर्षी त्यांच्या शेतावर येणारी सिंधुबाई चिखलात उभी होती, हातात रोपांची मूठ. पावसानं निथळलेलं लाल लुगडं, मागे हिरवंगार भात. साठीची बाई, पण मान अशी ताठ की शेत तिचंच वाटावं.

"ती ना, आधी उभीच राहीना," तृप्ती सांगत होती. "म्हणे, 'माझा काय फोटू काढती बाय? मी काय नवरी हाय का?' मग म्हणाली, 'काढ, पण लवकर. रोप सुकतंय.'"

फोटो सुंदर होता. मोहिनीला ते पहिल्या नजरेत कळलं आणि ती पावती फाडायला वळली.

शहरातल्या छायाचित्रकारांचं एक मंडळ दर जानेवारीत स्पर्धा घ्यायचं. त्या वर्षी विषय होता फक्त कृष्णधवल. तृप्तीनं सिंधुबाईचा फोटो पाठवायचं ठरवलं. डिसेंबरातल्या एका दुपारी दुकानात कुणी नव्हतं तेव्हा ती बाहेर आली. "ताई, जरा आत येता का? मला तुमचं मत पाहिजे."

मोहिनी आत गेली. पडद्यावर सिंधुबाई होती, रंग काढलेली. लाल लुगडं आणि हिरवं भात, दोन्ही एकाच राखाडी रंगाची झाली होती. लुगडं कुठे संपतं आणि शेत कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. शेतातून नुसतं डोकं आणि दोन हात वर आलेले.

"काहीतरी चुकतंय ना?" तृप्ती म्हणाली. "मला कळतंय चुकतंय, पण काय ते कळत नाही. तुम्ही नानांबरोबर इतकं काम केलंय."

मोहिनीला माहीत होतं काय चुकतंय. लाल आणि हिरवा काळ्या-पांढऱ्यात एकमेकांत मिसळतात, म्हणून नाना शेतात फोटो काढायला जाताना खिशात रंगीत काचा ठेवायचे. लेन्सवर हिरवी काच लावली की लाल काळा यायचा आणि हिरवा उजळ. हे ती सांगणार होती. खरंच सांगणार होती. तोंडात आलं होतं. तेवढ्यात सुनील पाणी प्यायला आत आला, मागून पडद्यावर डोकावला आणि म्हणाला, "क्या बात है! नानांची नजर आली हं तृप्तीकडे."

नानांची नजर. त्या खोलीत उभा राहून म्हणाला.

"छान आहे," मोहिनी म्हणाली. "काही चुकत नाहीये. असाच पाठव."

"नक्की?"

"नक्की."

जानेवारीत निकाल लागला. निवडलेल्या चाळीस फोटोंत सिंधुबाई नव्हती. पण मंडळानं सगळ्या स्पर्धकांना बोलावलं होतं, परीक्षक न निवडलेल्या फोटोंवरही बोलणार होते. तृप्ती म्हणाली, "ताई, तुम्ही चला ना सोबत," आणि मोहिनी गेली. तिला जायचंच होतं.

परीक्षक पुण्याहून आलेले एक वयस्कर गृहस्थ होते. तृप्तीचा फोटो हातात घेऊन ते म्हणाले, "बाई कमालीची आहे. क्षण बरोबर पकडलाय. पण लुगडं आणि शेत यात काही फरकच ठेवला नाही तुम्ही. कॉम्प्युटरनं रंग काढून टाकले म्हणजे कृष्णधवल होत नाही. कोणता रंग किती काळा हे कुणीतरी ठरवायला लागतं. इथे कुणी ठरवलेलंच नाही."

दहा-बारा जणांच्या माना वळल्या. तृप्ती उभी होती, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल. मोहिनीला आनंद झाला. खोटं कशाला, चांगला दणदणीत आनंद झाला. सगळ्यांदेखत हरलेल्या पोरीशेजारी उभं राहून ती मनात म्हणत होती, बघितलंस? दोन क्लिक!

परत दोघी रिक्षानं निघाल्या. अशोक स्तंभाच्या सिग्नलला तृप्ती म्हणाली, "नानांच्या वेळी काय करायचे हो? लाल लुगडं नेसलेली बाई आली तर?"

"हिरवी काच लावायचे," मोहिनी म्हणाली. आनंदात होती, जीभ सैल होती. "म्हणजे लाल रंग..."

आणि ती थांबली.

तृप्तीनं तिच्याकडे पाहिलं. सिग्नल सुटला, रिक्षा निघाली, तरी बघतच राहिली.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

मोहिनी रस्त्याकडे बघत राहिली.

"मी तुम्हाला विचारलं होतं, ताई. दोनदा विचारलं."

"हो."

"मग का नाही सांगितलंत?"

त्याचं उत्तर मोहिनीकडे होतं. पण ते रिक्षात, दिवसाउजेडी, आपल्याहून बारा वर्षांनी लहान बाईला कसं सांगायचं? "माझ्याकडून झालं तसं," एवढंच ती म्हणाली. 

घरी तृप्तीनं कुणाला काही सांगितलं नाही. ललितला नाही, सुनीलला नाही. मोहिनी आठवडाभर वाट बघत होती, आज स्फोट होईल, उद्या होईल. काही झालं नाही. तृप्ती पूर्वीसारखाच चहा टाकायची, ताईच म्हणायची. फक्त आतल्या खोलीत हाक मारणं बंद झालं.

आणि ती शिकत होती. काउंटरवरून अर्धा पडदा दिसायचा. तृप्ती एक जाडं पुस्तक मांडीवर घेऊन बसायची आणि लाल, हिरवा, निळा अशा तीन पट्ट्या मागेपुढे सरकवत राहायची. एका दुपारी मोहिनीनं मान वळवली तर लुगडं काळं झालेलं होतं. खरं काळं. मागचं भात चांदीसारखं उजळलेलं. नाना लेन्सवर काच लावत, तेच हिनं खुर्चीत बसून, फोटो काढून सात महिने झाल्यावर केलं होतं. मोहिनीनं गिऱ्हाइकाला चुकीचं पाकीट दिलं.

फेब्रुवारीत तृप्ती दोन दिवस घोटीला गेली. ललित आणि सुनील एका लग्नाच्या ऑर्डरीला सायखेड्याला. दुकानात मोहिनी एकटी. दुपारी दोनला ती आत जाऊन कॉम्प्युटरसमोर बसली. तो चालू कसा करतात आणि फाईल कशी उघडतात एवढं बघून बघून तिला माहीत झालं होतं. फाईल पुसून कशी टाकतात तेही माहीत होतं. त्यासाठीच आले का मी, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

फोटो उघडला. लुगडं सुरेख होतं. पण चेहरा गेला होता. हिरव्या काचेचा हा दोष नानांना माहीत होता: लालबरोबर कातडीही काळी पडते. सिंधुबाईचे डोळे कुठे आहेत ते शोधावं लागत होतं. मोहिनी हसली. पुस्तकात हे नसणार.

मग तिची नजर पडद्याच्या डाव्या कडेला गेली. तिथे छोटी छोटी चित्रं होती, ब्रश, खोडरबर, कात्रीसारखं काहीतरी. आणि त्यात एक काडी होती, टोकाला गोल चकती लावलेली.

ती पुढे झुकली. चकतीच होती. नानांनी आऱ्याला चिकटवलेली चकती कुणीतरी कॉम्प्युटरमध्ये नेऊन ठेवली होती. तिनं त्यावर क्लिक केलं, बाण सिंधुबाईच्या कपाळावर नेला आणि हळूहळू हलवला. कपाळ उजळलं.

त्यानंतर किती वेळ गेला तिला कळलं नाही. माउस हातात बसत नव्हता, सारखा निसटत होता, तरी तिनं कपाळ वर काढलं, गाल काढले, डोळे काढले. सगळा चेहरा लख्ख केला. फाईल पुसायची होती हे ती विसरूनच गेली.

"काय करताय?"

तृप्ती दारात उभी होती, खांद्याला बॅग. एक दिवस आधीच आली होती.

मोहिनी उठली.  तृप्तीनं बॅग खाली ठेवली, पडद्यासमोर आली आणि बघत राहिली. चेहरा जिवंत झाला होता, हे दोघींना दिसत होतं.

"मला न विचारता माझ्या फोटोला हात लावलात."

"चेहरा काळा पडला होता, म्हणून..."

"आत्ता सांगताय? तेव्हा मी विचारत होते तर सांगितलं नाहीत, आणि आता मी नसताना येऊन करताय?" तृप्तीचा आवाज चढला नव्हता. "तुम्हाला नक्की काय पाहिजे, ताई?"

"मला..." मोहिनीनं माउस बाजूला सारला. "मला तुझं काही चांगलं झालेलं बघवत नाही. खरं सांगू? तू या खोलीत बसतेस ना, ते बघवत नाही."

इतकं उघड ती आयुष्यात कधी बोलली नव्हती.  तृप्ती खुर्चीत बसली, माउस हातात घेतला आणि फाईल बंद केली. कॉम्प्युटरनं विचारलं, बदल जतन करायचे का? तिनं 'नाही' दाबलं.

"हा माझा फोटो आहे," ती म्हणाली. "चुकला तरी मीच करीन."

मोहिनी काउंटरवर येऊन बसली. एक बाई पासपोर्ट फोटो न्यायला आली होती. मोहिनीनं तिला फोटो दिले, पावती घेतली, सुटे परत दिले. बोटांना अजून माउसचा आकार जाणवत होता.

पुढचं वर्ष तसंच गेलं. भांडण नाही, अबोला नाही, आणि बोलणंही कामापुरतं. तृप्तीला दिवस गेले, मुलगी झाली, सृष्टी. बाळंतपणात मोहिनीनं तिचं सगळं केलं, तेलपाणी, डिंकाचे लाडू, पोरीची अंघोळ. ते करताना तिला काही जड गेलं नाही. जड जायचं ते फक्त त्या खोलीतलं.

दोन हजार सहाच्या जानेवारीत परत स्पर्धा झाली. या वेळी सिंधुबाई भिंतीवर होती, दुसऱ्या क्रमांकाची चिठ्ठी लावलेली. घरचे सगळे गेले होते. ललित फोटोशेजारी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता. सुनील पोरीला खांद्याशी धरून फिरवत होता.

मोहिनी गर्दी कमी व्हायची वाट बघत थांबली आणि मग फोटोसमोर गेली. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तिनं चूक शोधली. लुगडं काळं, पण घड्या दिसत होत्या. भात उजळ, पण पांढरं फटक नाही. चेहऱ्याशी आली तेव्हा ती थांबली. तिनं स्वतः चेहरा लख्ख केला होता, कपाळ, गाल, सगळं. तृप्तीनं तसं केलंच नव्हतं. अर्धा चेहरा सावलीत तसाच ठेवला होता. फक्त डोळे वर काढले होते आणि गालावरून ओघळणारं पाणी. बाई तुमच्याकडे बघत होती आणि तुमच्यासाठी थांबायला तिला वेळ नव्हता.

हे आपल्याला सुचलं नसतं. नानांनाही सुचलं नसतं कदाचित. मोहिनी तिथे उभी राहिली आणि मत्सर पूर्वी कधी नव्हता इतका वर आला. आधी निदान एक आधार होता: हिला जमत नाही, मला जमतं. आता तोही नव्हता.

एका वर्तमानपत्राचा माणूस तृप्तीला विचारत होता, "कृष्णधवलचं शिक्षण कुठे घेतलंत?"

"पुस्तकातून," तृप्ती म्हणाली. "आणि आमच्या सासऱ्यांची डार्करूम होती."

मोहिनीचं नाव तिनं घेतलं नाही. मोहिनी चार हातांवर होती, ऐकत होती. घ्यावं असं तिनं काही केलंही नव्हतं.

परत येताना बाप्ये पुढे स्कूटरवर गेले. दोघी रिक्षात, सृष्टी तृप्तीच्या मांडीवर झोपलेली. मोहिनी म्हणाली, "अर्धा चेहरा अंधारात ठेवलास. मी सगळा उजळला होता. तुझं बरोबर आहे."

तृप्तीनं वळून तिचा चेहरा निरखला, एखादी नोट खरी की खोटी बघावी तसा. "खरंच वाटतं तुम्हाला?"

"खरंच. मला ते आवडत नाहीये, पण खरं आहे."

तृप्तीला हसू आलं. तिनं ते दाबलं नाही. मग ती पोरीचं टोपडं नीट करत बसली. रिक्षा कारंज्याला वळली तेव्हा म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही केलेलं डोळ्यांपाशी चांगलं होतं. पुसून टाकल्यावर मला ते परत जमायला महिना लागला."

मोहिनी पर्समधून रिक्षाचे पैसे काढू लागली.

"उद्या अकराला बसा आत. माउस धरायला शिकवते. तुम्ही तो कालथ्यासारखा धरता. पण माझ्या फाईलींना हात लावायचा नाही. तुमचा फोटो वेगळा घ्यायचा."

"बरं."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मोहिनी आत गेली. सुनील काउंटरवर बसला. तृप्तीनं खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि स्वतः मागे उभी राहिली. मोहिनीनं नामपूरच्या एका लग्नातला, कुणी मागितला नव्हता असा फोटो निवडला, कांद्याच्या ढिगावर बसून पत्रावळीवर जेवणारी एक म्हातारी. लाल, हिरवी, निळी पट्टी समोर आली.  तिनं लाल पट्टी धरली आणि ती एकदम टोकाला गेली. म्हातारी पांढरीफटक पडली.

"सावकाश, ताई," मागून तृप्ती म्हणाली.

बारा वर्षांनी लहान बाईच्या तोंडून ते ऐकणं मोहिनीला मुळीच आवडलं नाही. ओठ घट्ट मिटून तिनं पट्टी परत मागे घेतली आणि या वेळी हळू सरकवली.